सालूचा आवाज जाण्याआधी

साडेचारला इंग्लंडहून कॉल यायचा होता. चारला दहा मिनिटं कमी असताना ग्लेनिशाने मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या खुणेवर काट मारलेली. सकाळी दहाला तिने स्वतः सगळं तपासून पाहिलं होतं. तेव्हा चालत होतं.

तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो उघडायला घ्यायचा तेवढाच वेळ त्याने घेतला. काट तशीच.

तिचा सासरा, कॉन्स्टान्सियो, तिच्या मागे खुर्चीत बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण आज त्याने चर्चला जाताना घालतो तो पांढरा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी खरवडून केली होती की हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

"काय झाला गो?" त्याने विचारलं.

"काय नाय पप्पा. नेट येता."

तो कानाशी हात नेऊन पुढे वाकला. त्याला ऐकू कमी येई. फोन कानाला लावला तर त्याला नुसती खरखर कळे. समोर माणसाचं तोंड मोठं दिसलं, ओठ हलताना दिसले आणि आवाज भरपूर वाढवला, तरच त्याला बोलणं उमगायचं. म्हणून हा कॉल कॉम्प्युटरवर ठरला होता.

पलीकडे असणार होता त्याचा धाकटा भाऊ साल्वादोर. घरचे त्याला सालू म्हणत. अकरा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा सालू इंग्लंडहून आला नाही. रजा मिळत नाही म्हणून त्याने फोनवर सांगितलं. मयत घरात असताना कॉन्स्टान्सियोने तो फोन भिंतीवर आपटला आणि त्यानंतर भावाचं नाव घरात काढू दिलं नाही. ग्लेनिशा तेव्हा नवी नवरी होती. तिला सालू ठाऊक होता तो फक्त सासऱ्याच्या लग्नाच्या फोटोतला. चार दिवसांपूर्वी सालूच्या मुलीचा, तेरेझाचा, फोन आला. सालूच्या घशाला कॅन्सर होता. शुक्रवारी दुपारी ऑपरेशन, आणि त्यात आवाजाची पेटीच काढून टाकणार होते. म्हणजे शुक्रवारनंतर सालू जगला तरी त्याचा आवाज राहणार नव्हता. तेरेझा म्हणाली, पप्पांना मोठ्या भावाशी, कोस्तूकाकांशी, एकदा बोलायचं आहे. ग्लेनिशाने भीत भीत सासऱ्याला सांगितलं. तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "किती वाजता?"

आज तो शुक्रवार होता.

ग्लेनिशा पुढच्या खोलीत गेली. इंटरनेटचा काळा डबा तिथे दाराच्या वर फळीवर होता. परतीच्या पावसात वीज पडली तेव्हापासून त्याचं वायफाय मेलं होतं. तारेने तेवढं चालायचं, आणि कॉम्प्युटरला तार असल्यामुळे नवीन डब्याची कोणी घाई केली नव्हती. नवरा, मॅक्सवेल, बोटीवर. त्याची बोट या घटकेला कुठल्या समुद्रात होती ते तिलाही माहीत नव्हतं. या घरातल्या तारांचं सगळं तोच बघायचा.

मोबाइलला त्यांच्या वाडीत घरात रेंज नव्हती. मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडावर उभं राहिलं की बोलण्यापुरती यायची. ती तिथे धावली आणि इंटरनेट बघणाऱ्या मंगेशला फोन लावला. तो कुडाळला होता.

"वयनी, माका येवंक सवा-दीड तास तरी लागतलो," मंगेश म्हणाला.

"माझ्याकडे अर्धो तास आसा, मंगेश. तू सांग, मी करतंय."

तिच्या आवाजात त्याला काहीतरी जाणवलं असावं. "बरा. डब्यार लाल लाईट पेटली हा काय बघून येवा."

ती आत गेली, स्टुलावर चढली, खाली उतरली, बाहेर आली. लाल नाही. दोन हिरवे दिवे, स्थिर.

"म्हणजे रस्त्यावरसून येणारी लाईन बरी आसा. आता डब्याच्या पाठी तुमच्या कॉम्प्युटरची तार घातलली आसा, थंयचो बारीक दिवो लुकलुकता काय?"

पुन्हा आत, पुन्हा स्टूल, पुन्हा दगड. तिथे दिवा नव्हता. अंधारच होता.

"ती तार काढून शेजारच्या भोकात घाला. टक् असो आवाज येवंक होयो."

टक् असा आवाज आला. दिवा आला नाही. मंगेशने कॉम्प्युटरच्या मागचं टोक काढून पुन्हा घालायला सांगितलं. तेही तिने केलं, टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत, तोंडात जळमटं. सासरा वरून बघत होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सोळा मिनिटं झाली होती.

"डबो बंद करून परत चालू करा," मंगेश म्हणाला, "आणि तीन मिन्टां थांबा."

ती तीन मिनिटं तिने डब्यासमोर उभी राहून काढली. एक दिवा आला. मग दुसरा लुकलुकू लागला, स्थिर झाला. तिसरी जागा काळीच. मालवणला जावं का, तिच्या मनात आलं. रिक्षा बोलवायची, बाजारात रेंज आहे, फोनवर व्हिडिओ लागेल. पण रिक्षा येईपर्यंत साडेचार होतील, आणि बाजाराच्या गोंगाटात फोनच्या बोटभर पडद्यावर पप्पांना काय कळणार? उद्या हा माणूस काही बोलणार नाही, परवाही बोलणार नाही, पण रोज सकाळी चहाचा कप तिच्या हातातून घेताना ती त्याच्याकडे कशी बघणार होती?

दगडावर परत आली तेव्हा तेरेझाचा मेसेज येऊन पडला होता. पप्पांना बाराऐवजी साडेअकराला आत नेणार आहेत. म्हणजे इथले पाच. त्याआधी नर्स तयारीला येईल. लवकर लागला तर बरं.

"मंगेश, दोनय टोकां बरी आसत. मग काय?"

"मग मधी तार तुटलेली असतली. उंदरान खाल्ली काय ती बघा. पट्टीतसून कशी गेली हा?"

ते तिला ठाऊक होतं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून तार दारावरून आत येई आणि मागच्या खोलीच्या भिंतीवरून खाली कॉम्प्युटरपर्यंत उतरे. फोन दगडावरच ठेवून ती आत आली आणि पट्टीवरून हात फिरवत निघाली. पुढची खोली, दाराची चौकट, मधलं बोळकं. उंदराचे दात कुठेच नाहीत. मागच्या खोलीत पट्टी भिंतीवरून वळली आणि एका फोटोच्या मागे गेली.

तो फोटो सकाळी तिथे नव्हता. सासूची सासू, म्हणजे कॉन्स्टान्सियोची आई. एरवी तो फोटो पुढच्या खोलीत क्रुसाखाली असायचा. ग्लेनिशाने तो उचलून खाली घेतला. मागे एक लांब खिळा होता, पट्टीच्या बरोबर मधून भिंतीत ठोकलेला.

तिने वळून पाहिलं. सासरा खुर्चीतून अर्धवट उठला होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्याला पट्टी आणि भिंत यांतला फरक दिसला नव्हता, पण सुनेचा चेहरा दिसत होता.

"जेवल्यार, तू भायर होतंस तेव्हा मारलंय," तो म्हणाला. "म्हटलंय, मी बसतलंय थंय पाठी मांय दिसूक होयी. सालून तिका बघल्यान असता." मग त्याचा आवाज खाली आला. "मियाच तोडलंय काय गो?"

तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मला विचारायचं तरी, हाक मारायची, आज कशाला हातोडा घेतलात? पण तो चर्चचा शर्ट घालून खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"तार तुटली, कॉम्प्युटर बरो आसा," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "कॉम्प्युटरच पुढे नेवया. तुमी कीबोर्ड घेवा, माऊस घेवा. आणि मांयकय घेवा."

डबा आणला त्या दिवशी त्याच्या खोक्यात हातभर लांबीची एक पिवळी तार आली होती. मॅक्सवेलने ती कधी वापरली नाही, पण तो काही टाकून देणाऱ्यातला नव्हता. कपाटावरचं खोकं तिने खाली ओढलं. माहितीची पुस्तिका, स्क्रू, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती तार.

तिने खिडकीतून शेजारच्या आनंदीला हाक मारली. आनंदी ओल्या हातांनीच आली, ते हात परकराला पुसले आणि काहीही न विचारता कॉम्प्युटरचा पडदा उचलला. ग्लेनिशाने कॉम्प्युटरचं जड खोकं पोटाशी धरलं. बोळातून जाताना तिचं कोपर चौकटीवर सोलवटलं ते तिला नंतर कळलं. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, फळीवरचा डबा खाली काढून टेबलावर ठेवला, विजेची एक लांब वायर ओढली. स्पीकर आणायला आनंदी परत गेली. पडद्याची तार, कीबोर्डची, माऊसची, कॅमेऱ्याची. कुठली कुठे जाते ते बघायला वेळ नव्हता. ज्या भोकात जी बसेल ती तिथे. शेवटी पिवळी तार. टक्.

दिवा पेटला. हिरवा, बारीक, लुकलुकणारा.

चार सव्वीस गेले, साडेचार गेले, चार पस्तीस झाले. कॉम्प्युटर उघडला. खुणेवरची काट गेली, पण कॉलची खिडकी उघडताच आधी काहीतरी नवीन उतरवून घ्यायचं आहे असं ती म्हणू लागली. ग्लेनिशाने ते नाकारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाकारलं. चार एकेचाळीसला तिनेच कॉल लावला आणि दुसऱ्याच घंटीला तेरेझाने उचललं.

"आम्ही वाट बघतोय," तेरेझा म्हणाली. "नर्स दारात उभी आहे."

चित्र हललं आणि पडद्यावर पलंगावर बसलेला एक हडकलेला म्हातारा आला. दवाखान्याचा निळा अंगरखा, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. कॉन्स्टान्सियोने आईचा फोटो छातीशी धरला होता. तो खाली ठेवायचं तो विसरून गेला.

"सालू," तो म्हणाला.

सालूने आधी फोटोकडे पाहिलं, मग भावाकडे. तो बोलू लागला. आवाज म्हणजे वाळूवरून होडी ओढल्यासारखा. ग्लेनिशाने स्पीकर शेवटपर्यंत वाढवले. तरी कॉन्स्टान्सियो पुढे वाकून, डोळे बारीक करून ओठ बघत राहिला आणि मग सुनेकडे वळला.

"काय म्हणता तो?"

ग्लेनिशाला ऐकू आलं होतं. आनंदीलाही आलं असावं, कारण ती हळूच बाहेर ओट्यावर निघून गेली. सालू म्हणाला होता की रजा मिळाली नाही हे खोटं होतं.

क्षणभर तिला वाटलं, बदलून सांगावं. तो म्हणतो तुमची आठवण येते, असं काहीतरी. पुढे काय व्हायचं ते टळलं असतं. पण त्या माणसाने शेवटच्या आवाजात जे सांगायला घेतलं होतं ते ती कोण बदलणार? ती सासऱ्याच्या कानाशी वाकली.

"म्हणता, रजा गावली होती. तिकीटय काढलला. पण मांयक तशी बघूचो धीर झालो नाय. म्हणून येवंक नाय. तेव्हा खोटा बोल्लो."

कॉन्स्टान्सियोने पडद्याकडे मान वळवली. सालू तिथे वाट बघत होता. मागे कुणीतरी इंग्रजीत हळू काही म्हणालं आणि तेरेझाने "प्लीज, एकच मिनिट" असं म्हटलेलं ऐकू आलं. आता हा उठला तर? स्पीकर बंद केला तर?

"खुळो," कॉन्स्टान्सियो म्हणाला. तो ग्लेनिशाशी बोलत नव्हता. तोंड पडद्याच्या इतकं जवळ नेलं होतं की सालूला तिकडे नुसतं नाक दिसत असेल. "मीय भियालंय होतंय. तिच्या खोलीत शेवटाक मीय गेलंय नाय. मॅक्सवेल बसलो होतो तिच्याकडे. मी भायर माडाकडे उभो होतंय." त्याने श्वास घेतला. "ता कोणाक सांगूक नाय. तुझ्यारच राग काढलंय."

ही गोष्ट ग्लेनिशालाही ठाऊक नव्हती. मॅक्सवेलने तिला कधी सांगितली नव्हती.

सालूने हात वर केला, कॅमेऱ्याकडे नेला. "कोस्तू," तो म्हणाला. लहानपणचं नाव. मग एकदा आणखी. ते मात्र कॉन्स्टान्सियोला कुणी सांगावं लागलं नाही.

"जा आता," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतत तसा कर. मी हंयच आसंय."

निळा हातमोजा घातलेला नर्सचा हात पडद्यावर आला आणि चित्र बंद झालं. सहा मिनिटं झाली होती, बस.

कॉन्स्टान्सियो टेबलाशी बसून राहिला. ग्लेनिशाने चहा ठेवला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की दगडावर फोन तसाच राहिलाय. मंगेश अजून लाईनवर होता की काय कोण जाणे. ती गेली तेव्हा त्याचे तीन मिस्ड कॉल होते. तिने त्याला चालू झालं म्हणून सांगितलं आणि तिला रडू आलं. मंगेश बिचारा पलीकडे "वयनी, वयनी, तार बदलून देतंय, काळजी करू नकात" म्हणत राहिला.

रात्री साडेअकरानंतर, दोघं जागी राहून प्रार्थना म्हणत असताना, कॉम्प्युटरवर तेरेझाचा मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं, पप्पा शुद्धीवर येत आहेत. ग्लेनिशाने तो सासऱ्याला वाचून दाखवला. त्याने मान हलवली, आणि प्रार्थना जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली.

सोमवारी मंगेश नवीन तार आणि नवीन डबा घेऊन आला. कॉम्प्युटर मागे नेऊ का, त्याने विचारलं. कॉन्स्टान्सियोने नको म्हटलं. पुढच्या खोलीत जेवायला टेबल राहिलं नाही, म्हणून तिघं-चौघं पाहुणे आले की आता ओट्यावर पानं मांडावी लागतात.

सालू तीन आठवड्यांनी दवाखान्यातून आपल्या इंग्लंडमधल्या घरी गेला. रविवारी साडेचारला तो पडद्यावर येतो, गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर मुलांची लिहायची पाटी. तो मोठ्या अक्षरांत लिहितो, पाटी कॅमेऱ्यापुढे धरतो, आणि कॉन्स्टान्सियो चष्मा कपाळावरून खाली ओढून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचतो. पहिल्या रविवारी सालूने लिहिलं होतं, "तू म्हातारो दिसतंस." ते वाचायला त्याला बराच वेळ लागला, आणि वाचून झाल्यावर तो इतका हसला की ग्लेनिशा स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली.