लोकरीतला बर्फ

मुलांना प्रश्न पडतात का, ती नीट बघतात का, अंदाज बांधून पडताळतात का, हे तपासायला बाहेरून तपासनीस येणार असं कळलं आणि आमच्या मोठ्या बाईंनी त्यांच्या परीक्षेत असणारा प्रयोग आठवडाभर रोज करून घ्यायचं फर्मान काढलं. बर्फाचे दोन तुकडे, एक सुती रुमालात, एक लोकरीच्या मोज्यात. कुठला जास्त टिकतो? लोकरीतला. चौथीच्या माझ्या वर्गाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. अंदाजसुद्धा पाठ! मी म्हटलं, ही शोधक वृत्ती नाही, पोपटपंची आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, निकाल लागला की बोलू.

मला खरा घोर होता तो शंकासुराचा. हे नाव मीच वर्गातल्या एका पोरीला ठेवलेलं. मोजा कुणाचा, तो धुतलाय का, आत बर्फ आहे हे लोकरीला कसं कळतं? फळा पुसायला पाठ फिरवावी, तर मागून प्रश्न हजर. माझ्या नाकी नऊ आले होते. पण भाषा-गणितात पोरगी काठावर होती. इथेही घसरली तर पुढच्या वर्षी कच्च्यांच्या तुकडीत जाणार, आणि तिथून परत वर आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शिपाईमामांनी बर्फाची लादी हातोडीनं फोडली आणि हाताला लागतील ते तुकडे वाटले. झालं! शंकासुराच्या टेबलावर लोकरीतला बर्फ आधी विरघळला. मोजा ठिबकतोय, आणि टेबलावरची बाकीची तिघं शांतपणे लिहितायत, 'लोकरीतला बर्फ टिकला.' मी कपाळावर हात मारला. शंकासुरानं मात्र लिहिलं होतं, 'रुमालातला टिकला. पण लोकरीतला तुकडा आधीच लहान होता. सारखे तुकडे घेऊन पुन्हा करायला पाहिजे.'

मला इतका आनंद झाला की मी ते तपासनीसांना नेऊन दाखवलं. तुम्ही जे शोधायला आलात ते हेच, असंही सुनावलं. त्यांना पटलं. तेच तर चीड आणणारं होतं. पण त्यांच्याकडच्या छापील उत्तरात फक्त लोकर होती. निष्कर्ष चुकला की सगळे गुण गेले, त्यात त्यांच्या हाती काही नव्हतं. बाकी अभ्यासात कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मी चहा घेऊन येतो. तोवर तिला पुन्हा विचार करू द्या."

माणूस भला होता. खडूस असता तर भांडले तरी असते.

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "लोकर लिही."

"पण बाई, तो तर विरघळला."

"माहितीये मला."

"मग तुकडा लहान होता, तेही खोडू?"

"सगळं खोड. लवकर."

तिनं एकदा मोज्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आता ही 'का' विचारणार म्हणून मी वाट बघत होते. तिनं मुकाट्यानं रबर घेतलं.

शंकासुर पास झाली. 'प्रश्न विचारते' याला पैकीच्या पैकी. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, तेव्हा तो हात झटकून टाकावासा वाटला.

काल वर्गाला अंगणात नेलं. सावली दुपारी लहान का होते, असं विचारलं आणि मुद्दाम गप्प राहिले. शंकासुर वही उघडून, पेन्सिल धरून उभी होती. शेवटी मीच तिच्याकडे वळले. तुला काय वाटतं गं, म्हटलं.

"तुम्ही सांगा ना बाई," ती म्हणाली. "मी तेच लिहिते."