बैठ्या मेजाला लावलेले पाय

साहेब, धडधाकट मेज तुम्ही लंगडं केलंत. लिलावघराच्या खुर्चीतून एखादी वस्तू बुटकी दिसली, म्हणजे ती अपुरी असते असं नाही.

माझ्या आत्याचं ते मेज. जुनं, चिनी, दगडासारख्या जड लाकडाचं. तिचे सासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेलं. उंची दीड वीत, पाय घोड्याच्या खुरांसारखे आत वळलेले. आत्या जन्मभर त्याच्यापुढे मांडी घालून शिवणकाम करत बसली. दुपारचं ऊन पडलं की लाकडातल्या रेषा पाण्यासारख्या हलायच्या. मग ती सुई बाजूला ठेवायची, मेजावर गाल टेकायची आणि डोळे मिटायची. म्हणायची, आपण निजलो की हे घरभर फिरतं, कुणाची झोप न मोडता. आम्ही हसायचो. पण कधीकधी सकाळी ते मलाही खिडकीकडे जरा सरकलेलं वाटायचं.

ती आमच्या एका खोलीच्या घरात राहायला आली आणि मेज मावेना. म्हणून तुमच्याकडे विक्रीला ठेवलं. आत्याने तुम्हाला अट घातली ती एकच.

"साहेब, खाली बसणाऱ्यालाच द्या. किमतीचं नंतर बघू."

तुम्ही मान डोलावलीत.

तसं माणूस मिळालंही. आम्ही तिथे असतानाच पुस्तकं बांधणारी एक बाई आली. चपला काढून फरशीवर बसली, मेजावर कोपरं टेकली आणि तिचे डोळे मिटले. आत्या माझ्या कानात म्हणाली, "लागली बघ हिलाही तंद्री."

बाई भानावर आली. "परवा टेम्पो घेऊन येते."

ठरल्या दिवशी आम्ही सगळे आलो, तर मेज उभं. खुरांना भोकं पाडून खाली चार सरळसोट नवे पाय जोडलेले.

"याचे पाय कुणीतरी कापले होते," तुम्ही म्हणालात. "आम्ही पूर्ण करून घेतलं. आता खुर्चीपुढे शोभेल."

"बदकाचा बगळा केलात की," आत्या म्हणाली.

सवयीने ती खाली बसली. मेज तिच्या डोक्याच्या वर गेलं. ती खालून त्याच्याकडे बघत राहिली. "तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतंय रे."

नवे पाय काढायला लावले. खूर तडकले होते, मेज डुगडुगायला लागलं. बाईने त्यावर तळहात दाबून पाहिला. "यावर कागद कापताना सुरी सरकेल हो, आत्या." टेम्पो रिकामा गेला.

तेव्हापासून आत्याच्या स्वप्नात मेज चालत नाही. कुठल्याशा पाण्यात उभं असतं, पाऊल टेकायला जमीन शोधत.

आणि तुम्ही मला बाजूला घेऊन सांगता, दुसरं गिऱ्हाईक बघू. गिऱ्हाइकाचं राहू द्या. ज्या बाईने आयुष्य त्या मेजापुढे काढलं, ती तुमच्यासमोर उभी होती. याचे पाय मुळात एवढेच का, हे तिला का विचारलं नाहीत? ती बाहेर बाकावर बसलीय. मला नका सांगू. उठा, आणि तिला उत्तर द्या.