डाव्या बाजूची खाज

पाठीला खाज सुटली तर आपण चारचौघांत भिंतीला पाठ घासतो. डोक्यात सुटली तर बोलता बोलता खाजवतो. पण छातीला खाज सुटली, की बाई गुपचूप उठून मोरीत जाते. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या नवसाबाई अशा दिवसातून सहा-सात वेळा मोरीत जात होत्या आणि त्यांच्या सुनेला, शुभांगीला वाटत होतं, की सासूबाईंना लघवीचा त्रास आहे.

शुभांगी मुळातच चौकस. शेतात झेंडूची फुलं खुडता खुडता तिनं एकदा सरळ विचारलं, "आई, होतंय तरी काय?"

"काय नाय. घामोळं हाय." नवसाबाईंनी पुढची ओळ धरली.

पण घामोळं दिवाळी उलटून गेली तरी राहतं का? शुभांगीला चैन पडेना. एक दिवस खिडकीत मलमाची ट्यूब सापडली. नवसाबाईंनी मेडिकलमधून नुसती 'खाजेची ट्यूब' म्हणून मागून आणली होती. खाज कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दुकानदारानंही विचारलं नाही. लावलं की दोन दिवस बरं वाटे, मग दुपटीनं भडके. अखेर शुभांगी हटूनच बसली, तेव्हा सासूबाई पुटपुटल्या, "छातीखाली लय खाजतं. डावीकडं जास्त. संत्याला सांगू नको." संत्या म्हणजे त्यांचा मुलगा संतोष, सातपूरला कंपनीत कामाला.

डावीकडेच का? शुभांगी विचार करू लागली आणि तिला एकदम आठवलं, की सासूबाईंची मिश्रीची पत्र्याची डबी सकाळपासून रात्रीपर्यंत पोलक्यात डाव्या बाजूलाच असते! आणखीही एक गोष्ट होती. या घरात बायकांचे आतले कपडे उन्हात दिसता कामा नयेत, असा नियम होता. ते मागच्या पडवीत परकराखाली वाळत पडायचे. वाळायचे कसले, आंबट-ओले तसेच अंगात चढायचे.

शुभांगी सासूबाईंना आणि ती ट्यूब घेऊन गावच्या उपकेंद्रात गेली. तिथल्या लंका सिस्टर वीस वर्षं याच भागात नोकरी केलेल्या, तोंडानं फटकळ, पण हातानं हलक्या. नवसाबाईंनी पदर चार बोटं सरकवला आणि फक्त छातीखालची घडी दाखवली. कातडी लालभडक झाली होती.

"घाम, ओलं कापड आणि घासणारी डबी," सिस्टर म्हणाल्या. "अशा जागी बुरशी धरते. ही ट्यूब आधी बंद. कुणी दिली? यानं बुरशी आणखी माजते. मी चिठ्ठी देते, डॉक्टर देतील तेच मलम लावा. साधा साबण, जागा टिपून कोरडी, सुती कपडा, तोही कडक उन्हात वाळवलेला. डबी पिशवीत ठेवा, आणि मिश्री सुटली तर फारच उत्तम. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर परत या."

दोन आठवड्यांत घडीतली लाली खरंच गेली. शुभांगीला आपण मोठा शोध लावल्यासारखं वाटत होतं. आणि तरीही नवसाबाई मोरीत जातच होत्या.

"आई, आता कशाला जाता?"

सासूबाई म्हणाल्या, "खालचं गेलं. पण बोंडावरचं जात नाय. खपली धरती, निघती, परत धरती. कधी लालसर पाणी येतं. डावीकडंच."

"किती दिवस झाले?"

"आठ महिने असतील."

शुभांगीनं त्याच दुपारी लंका सिस्टरांना घरी बोलावलं. सिस्टरांनी बघितलं आणि या वेळी त्या फटकळ बोलल्या नाहीत.

"नवसाबाई, हे डबीचं नाही. पुष्कळदा असा साधा इसबही असतो. पण एकाच बाजूला, बोंडावर, महिनोन्‌महिने न भरणारी खपली असेल तर मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासावाच लागतो. आत आजार असू शकतो. गाठ लागत नाही म्हणून बाई निर्धास्त राहते."

"मी नाय जाणार. तिथं पुरुष डॉक्टर असतात. या वयात पदर काढू का त्यांच्यापुढं?"

"झेंडूच्या पानावर डाग दिसला तर काय करता?"

"पान तोडून औषधाच्या दुकानात दाखवते."

"सगळ्या दुकानासमोर?"

"पानाला कसली लाज, सिस्टर?"

"लाज नाही, आणि ते रोप गेलं तर तुम्ही दुसरं लावता. तुमच्या जागी ही पोरगी कुणाला लावणार? बाई डॉक्टर हव्यात तर मी फोन करून विचारते. मी सोबत येते. पण जायचं."

नवसाबाईंनी सुनेकडे बघितलं. शुभांगी डोळे पुसत होती. म्हाताऱ्या बाईला त्या पोरीची ती धास्ती सोसवेना. "उद्याच जाऊ," त्या म्हणाल्या, "आणि संत्याला मीच सांगते."

तपासणीत कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा, पसरलेला नव्हता. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर थांबला असतात तर मी एवढ्या खात्रीनं बोलू शकले नसते.

घरी आल्यावर शेजारपाजारच्या आठ-दहा जणी भेटायला आल्या. कशाचं ऑपरेशन, असं कुणीतरी विचारलं. संतोष गडबडीनं म्हणाला, "पोटाचं. छोटंसं होतं."

"पोटाचं नाय," उशीला टेकलेल्या नवसाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "थानाचं. कॅन्सर होता. आठ महिने लपवला मी, पण नशिबानं वेळेत सापडला."

संतोषनं मान खाली घातली, मग आईजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "चुकलं माझं." बायका चहा पिऊन उठल्या. पन्नाशीच्या चिमणाबाई मात्र रेंगाळल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि शुभांगीला विचारलं, "लंका सिस्टर उद्या उपकेंद्रात असतील का गं?"

मायबहिणींनो आणि त्यांच्या मुलांनो, नवऱ्यांनो, स्तनाला सुटणारी बहुतेक खाज साधी असते. घामाची, साबणाची, ओल्या कपड्याची. ती कोरडेपणानं आणि योग्य औषधानं जाते. पण जी जात नाही, तिला 'घामोळं' असं घरचं नाव देऊन लपवू नका. आणि घरातली बाई आजाराचं नाव घेत असेल, तर तिच्या वतीनं तुम्ही लाजू नका. शरीर तिचं आहे, आणि ते वाचवण्यात लाजण्यासारखं काहीही नाही.