शंभर टक्के सुधारलेले एकवीस

गुरुग्रामच्या सभागृहात सातशे माणसं श्वास रोखून बसली होती. मंचावर पांढऱ्या कपड्यांतले एकवीस जण, एकेकाळचे मोबाइलचोर आणि पाकीटमार. त्यांच्यापुढे परातीत प्रेक्षकांचेच फोन. चित्तनाथजींनी हात वर केला आणि दोन मिनिटं दिवे घालवले. ते परत लागले तेव्हा परातीतला एकही फोन हलला नव्हता. बायका डोळे पुसू लागल्या.

"दिमाग में एक फाइल होती है, अपराध की," चित्तनाथजी माइकवर म्हणाले. "सात दिन के शिविर में हम उसे डिलीट कर देते हैं. रीसायकल बिन भी खाली."

मला हसू आवरेना. सातशे लोक समोर आणि दारं बंद असताना कोणता चोर फोन उचलेल? बुवाबाजीला भुलणाऱ्यांतली मी नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत.

माझं हसू आणि हुद्दा दोन्ही हेरून त्यांनी मला दुसरं आमिष दाखवलं. कार्यक्रमानंतर त्यांचा माणूस वही घेऊन आला. शिबिर पूर्ण केलेले एकवीस, सहा महिन्यांत पुन्हा पकडला गेलेला एकही नाही. मी ती नावं ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याकडून पडताळून घेतली. खरंच एकही नव्हता. परातीला हसणारी मी वहीपुढे विरघळले आणि 'यश शंभर टक्के' असं लिहून हुद्द्यासकट सही ठोकली.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या उपाहारगृहात गुलाबराव स्वयंपाकी आहेत. त्यांचा चोवीस वर्षांचा आशय फोन हिसकावताना दोनदा सापडला होता. जामिनावर सुटल्यापासून तो दर शनिवारी रेवती नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या गटात जायचा. तिथे चमत्कार कसला? मित्र 'चल' म्हणाला तर काय म्हणायचं, डोकं फिरलं की पहिली पाच मिनिटं कशी काढायची, याची तीच ती तालीम.

"ताई, चार महिने झाले, नुसतं बोलणंच चालतं," गुलाबराव मला म्हणाले. "चित्तनाथजींच्या मानेसरच्या शिबिराचा स्वयंपाक माझ्याकडेच असतो. पोराला तिकडे घालू का?"

"बिल्कुल घाला. मी स्वतः तपासलंय."

त्यांनी माझं ऐकलं. आशयचा शनिवारचा गट सुटला, तो शिबिरात गेला. दोन महिन्यांनी त्याने ई-रिक्षातल्या एका शिक्षिकेची पर्स ओढली. ती रस्त्यावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आशय तुरुंगात गेला.

त्याच आठवड्यात चित्तनाथजींचं नवं पत्रक हाती आलं. नव्या तुकडीचं यश पुन्हा शंभर टक्के, खाली माझी सही छापलेली. मग या हिशेबात आशय कुठे गेला? मी तडक उपाहारगृहात जाऊन गुलाबरावांना विचारलं.

"तो कुठला असणार त्यात," ते कणीक मळता मळता म्हणाले. "चौथ्या दिवशीच घरी पाठवला. म्हणाले, याचं चित्त कच्चं आहे. वहीतलं नाव खोडलं."

"असे किती जणांना पाठवतात?"

"पहिल्या दिवशी मी बारा किलो कणीक भिजवतो, ताई. सातव्या दिवशी चार."

मी तिथेच ओट्याशी मनात हिशेब मांडला. साठेक जण आत जाणार, शेवटपर्यंत वीसेकच उरणार. जो डळमळीत दिसेल त्याला काढायचं, उरेल त्याला सुधारलेला म्हणायचं. नासके आंबे फेकून द्यायचे आणि पेटीत एकही नासका नाही म्हणून मिरवायचं. सुरुवातीला किती होते, हे आमच्या खात्यातला नवा कारकूनसुद्धा विचारतो. मी विचारलं नव्हतं.

"गुलाबराव, हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुमची सही होती ना," ते खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सगळ्यांना धरूनच मोजलं असेल."

अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

रेवतीला फोन केला. तुमच्या गटातले किती सुधारतात, असं चाचरतच विचारलं.

"शंभरातले चाळीस पुन्हा गुन्हा करणार असतील, तर चांगल्या गटामुळे तीसेक करतात," ती म्हणाली. "काही अभ्यासांत तेवढाही फरक दिसत नाही. बाहेर काम मिळालं नाही, तर गटात कमावलेलंही हातचं जातं. आणि मध्येच सोडून गेलेल्यांना आम्ही आमच्या हिशेबातून वगळत नाही. आशयलाही नाही."

पुढच्या कार्यक्रमात मी माइक मागितला. सही माझीच, त्यामुळे त्यांनी हसतमुखाने दिला. मी बारा किलोचं आणि चार किलोचं सगळं सांगितलं, सही मागे घेतली. चित्तनाथजी 'निगेटिव एनर्जी' असं काहीतरी पुटपुटले. पहिल्या रांगेत मुलासाठी शिबिराचा अर्ज हातात घेतलेली एक बाई उठली.

"तो फिर आपने साइन क्यों किया था?"

"पूछा नहीं था, बहनजी," मी म्हणाले. मला तिच्याकडे बघवेना.

वाचकहो, माणूस बदलतो. हळूहळू बदलतो, सगळेच बदलत नाहीत. कुणी शंभर टक्के म्हणालं, तर मंचावर किती उभे आहेत हे नंतर बघा. आत किती गेले होते, ते आधी विचारा. मी विचारलं नाही. ती शिक्षिका अजून काठी घेऊन चालते, आणि गुलाबराव दर बुधवारी तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभे असतात.