मालकांचं ताट

दुर्गाने पडदा सारला आणि तिचा हात तिथेच राहिला. मालकांसमोरचं ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं.

मालक म्हणजे सरदारसाहेबांचा संगमरवरी पुतळा. साहेबांना जाऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्या समाधीवर बांधलेल्या छत्रीत रोज त्यांना अंघोळ घालायची, पागोटं चढवायचं, दुपारी पडद्याआड जेवू घालायचं आणि लूच्या, उन्हाळी झळांच्या दिवसांत चवरीने वारा घालायचा, ही इथली जुनी रीत. वाऱ्याचं काम पूर्वी दुर्गाच्या सासूकडे, विजयाबाईंकडे होतं. त्यांना शिधा, लुगडं मिळे, शिवाय मालकांचं ताट जसंच्या तसं घरी येई. मग ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, पाठोपाठ जहागीर गेली, धाकटे सरदार पुण्याला निघून गेले. विजयाबाईंचे डोळे गेले म्हणून दुर्गा कामाला लागली, तर शिधा बंद आणि नव्या माणसाला मजुरी तासावर. दुपारच्या चार तासांच्या पैशांत दोघींची एक वेळ कशीबशी निघे. दुसऱ्या वेळी सासू झोपेचं सोंग घेई आणि ते दुर्गाला कळे.

मालकांचं ताटही अर्ध्यावर आलं होतं. तेवढंही कारभारी मुकुंदराव परत घरी नेत. ते दरबारचे कारकून. कचेरी मोडली तेव्हा इथे चिकटले. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. मजुरी वाढवा म्हणून दुर्गाने दोनदा विनवलं, दोन्ही वेळा त्यांनी वरून हुकूम नाही म्हणून हात झटकले.

आता रिकामं ताट पाहून त्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं. तिने शपथ घेतली. उद्या पुन्हा असं झालं तर येऊ नकोस, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ताट मांडलं, पडदा ओढला आणि दुर्गाला शेजारी बसवून घेतलं. बाहेर लू घोंघावत होती, फूलबागेकडचा रस्ता ओस पडला होता. बराच वेळ काही नाही. मग वाटी ताटाला लागली. मग सावकाश, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं चघळणं ऐकू येऊ लागलं. दुर्गाच्या अंगावर काटा आला, पण भीतीपेक्षा कणवच जास्त दाटून आली. भुकेल्या माणसाचं जेवण तिला चांगलं ओळखता येत होतं.

पडदा सारला तर ताट रिकामं. पुतळ्याच्या मिशीला वरणाचा ओघळ होता. मुकुंदरावांना घाम फुटला. उद्यापासून पूर्ण ताट द्यायचं, असं ते कसंबसं पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी पूर्ण ताट गेलं. या वेळी निम्म्या पोळ्या, भाजी आणि लाडू एका कडेला नीट सारून ठेवलेले होते, मालक हयात असताना सेवेतल्या माणसासाठी ताटात सोडत तसे. दुर्गाला हुंदका आवरेना.

मुकुंदरावांचा मात्र जीव भांड्यात पडला.

"घे, तुझ्यासाठीच ठेवलंय," ते म्हणाले. "मतलब आता मजुरीचा सवालच नाही राहिला. थोडी कमी केली तरी तुझा गुजारा होऊन जाईल."

दुर्गाने डोळे पुसले.

"गुजारा तुमच्या मजुरीत व्हायला पाहिजे, रावसाहेब. तो नाही होत, म्हणून मेलेला माणूस आपल्या तोंडातला घास काढून देतोय. शरम नाही वाटत?"

घरी सासू उपाशी होती, तिच्या स्वतःच्या पोटात आग पडली होती. लाडवाच्या तुपाचा वास नाकात शिरत होता. तिने ताट उचललं आणि पुन्हा पुतळ्यापुढे ठेवलं.

"पोटभर जेवा मालक. माझं मी बघते."

तिने पडदा ओढला, चवरी खुंटीला लावली आणि झालेल्या तासांचे पैसे मागून घेतले. गिरणीत बायका घेतात असं तिने ऐकलं होतं. तिथे तरी विचारून बघावं, असं ठरवून ती पायऱ्यांशी आली.

चपला घालताना मागे आवाज झाला. पडद्याखालून ताट फरशीवर घासत, हळूहळू तिच्या बाजूला सरकत होतं. मुकुंदराव भिंतीला चिकटून उभे होते. दुर्गाने डोक्यावर पदर घेतला आणि मागे न बघता ती उन्हात उतरली.