चाळीस फोन

"इथं सही करा," म्हणत डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "बाकी मी बघतो."

बाईंनी चष्मा लावला. 'रुग्णांची कोणतीही माहिती प्रयोगशाळेबाहेर गेलेली नाही.' खाली त्यांचं पद टाइप केलं होतं : नोंदणी विभागप्रमुख. विभागात त्या एकट्याच होत्या.

समोर विमा कंपनीचा तपासनीस बसला होता. चार दिवसांपूर्वी चोरट्यांनी कुठूनतरी प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून सगळ्याला टाळं ठोकलं होतं आणि ते उघडायचे पैसे मागितले होते. अशा चोरीसाठी डॉक्टरांनी विमा उतरवलेला होता, म्हणून हा माणूस आला होता.

रक्त तपासायला येणाऱ्यांची नावं बाई बावीस वर्षं लिहून घेत होत्या. मागून सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत. सख्ख्या जावेच्या गाठीचा रिपोर्ट आधी त्यांच्याच हातात पडला होता. घरी सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, तरी जावेनं स्वतः सांगेपर्यंत बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मी सही करणार नाही."

डॉक्टर हसले. "अहो, नुसती औपचारिकता आहे."

"मग तुम्हीच करा की."

तपासनिसाचं पेन थांबलं. बाई त्याच्याकडे वळल्या. "माहिती बाहेर गेलीय, साहेब. माहिती आपल्या हातात आहे हे दाखवायला चोरट्यांनी चाळीस रिपोर्ट परत पाठवलेत. माझ्याच ईमेलवर आले होते. नाव, वय, फोन, आजार, सगळं आहे त्यात."

"बाई!" डॉक्टरांचा आवाज चढला. "हे बाहेर कळलं तर उद्या इथं कुत्रं फिरकणार नाही!"

"आणि लोकांना चोरांकडून कळलं तर?"

तपासनिसानं घसा खाकरला. "डॉक्टर, रुग्णांना कळवायचा खर्च पॉलिसीत धरलेला आहे. पण लपवलंत, तर विमा हातचा जाईल."

तो गेल्यावर डॉक्टर बाईंच्या नोंदणीच्या खिडकीपाशी आले. "बावीस वर्षं सांभाळलं, त्याचे हे पांग फेडलेत?"

"लोकांनी याच खिडकीत माझ्या कानाशी येऊन आजार सांगितलेत. ते कुणाच्या भरवशावर?"

"उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज मला चाळीस फोन करायचेत."

डॉक्टर आत निघून गेले. बाईंनी पहिला नंबर फिरवला.

कुणी रडलं, कुणी नुसतंच 'बरं' म्हणालं. एका शिक्षिकेनं तीनदा विचारलं, "माझ्या शाळेला कळेल का हो?" बाई तीनदा म्हणाल्या, "ठाऊक नाही. खोटा धीर देणार नाही. पण कुणी धमकावलं तर घाबरून गप्प बसू नका, सरळ पोलिसांत जा." एकानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्याचं संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. संगणकावर, चोरांवर काही ढकललं नाही. "आमच्याकडूनच गेलं," एवढंच म्हणाल्या.

दिवेलागणीला शेवटचा फोन लागला. पलीकडे एक ट्रकचालक होता. लग्न ठरलेलं, आणि आजार असा की घरात कुणाला सांगितला नव्हता. तो म्हणाला, "माझं सगळं त्यांच्याकडे गेलं. तुम्ही कोण, ते तरी कळू द्या."

बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मग घरचा पत्ता सांगितला. तो लिहून घेत होता, म्हणून सावकाश.