वळणावरचे तांबडे डोळे

तेरहून धाराशिवला जाणारी मोटर चढावरच्या वळणाला आली, की आतली माणसं आधीच हात जोडून बसायची. दिव्यांच्या उजेडात समोरच्या दरडीवर दोन तांबडे डोळे लखकन उघडायचे. बायाबापड्या किंचाळायच्या. मग कडेला उभा असलेला महारुद्रबुवा ओरडायचा, "दिवे मालव रे! आईच्या डोळ्याला डोळा भिडवतूस व्हय?" ड्रायव्हरनं घाईघाईनं दिवे मालवले, की डोळे मिटलेच! नारळ फुटायचे, बुवाच्या झोळीत पैसे पडायचे आणि मोटर अंधारात चाचपडत वळण घ्यायची. कंदील घेऊन पायी जाणाऱ्याला ही देवी आई एकदाही दिसली नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ!

जलील ड्रायव्हरही दोन महिने अदबीनं दिवे मालवत आला होता. आठवड्यापूर्वी अशाच अंधारात त्याची मोटर हरिबाच्या बैलगाडीवर गेली आणि हरिबाचा पाय मोडला. बुवा म्हणाला, हरिबानंच आईचा काही अपराध केला असणार. ते ऐकून जलीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपराध कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आज तोच हरिबा मागच्या बाकावर कण्हत पडला होता. पाय काळा पडत चालला होता. धाराशिवच्या दवाखान्यात लगोलग पोचायला हवं होतं. वळण आलं. डोळे उघडले.

"मालव दिवे!" बुवा गरजला.

जलीलनं मोटर थांबवली, दिवे तसेच ठेवले. "न्हाय मालवत."

"जलीलभाई, आत लेकरंबाळं हायती," शरणबसप्पा वाणी काकुळतीला आला. "आई कोपली तर?"

"मागं म्या दिवे मालवले, तवा पाय मोडला. ह्याच्यापरीस आणखी काय कोपणार हाय? चला, खाली उतरा. दिव्यापाशी उभं राहून बघा."

त्यानं एका दिव्यावर हरिबाचं घोंगडं टाकलं, दुसऱ्यावर आपला कोट. डोळे मिटले. दोन्ही काढले, डोळे उघडले. पुन्हा टाकले, पुन्हा मिटले.

"बुवा, घोंगड्याला भिती व्हय तुमची आई?"

कुणीतरी फिसकन हसलं. बुवाचा आवाज चढला. "दरडीला हात लावशील तर झडून जाईल!"

"माझ्या नवऱ्याचा पाय झडायला लागलाय, त्ये बघा आधी!" हरिबाची बायको सीताबाई कडाडली. मोटरीतला पाना उचलून ती दरड चढली आणि तिनं दगडात चिकटवलेले डोळे उचकटून खाली आणले. सायकलच्या मागं लावतात तसली दोन तांबडी भिंगं!

"हे आपसूक पेटत न्हाय," जलील म्हणाला. "उजेड ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं माघारी धाडतं. म्हणून मोटरीतल्यालाच दिसतं. दिवा बंद, डोळा बंद."

शरणबसप्पानं जाब विचारायला मान वळवली, तर बुवानं अंधारात पोबारा केला होता.

सीताबाईनं भिंगं पदराच्या गाठीत बांधली. "ही आमच्या गाडीच्या मागं ठोकणार. मोटरवाल्याला लांबनं दिसू दे, की म्होरं माणूस हाय."

मोटर दिवे लावून धाराशिवच्या वाटेला लागली. बाबांनो, रात्रीच्या रस्त्यावर समोरचा माणूस दिसावा म्हणून दिवा असतो. जो तुम्हांला तो मालवायला सांगतो, त्याचं तोंड आधी उजेडात बघा.